सरसकट मात्रेचा वाद

रोग्याचे रक्त आधी पारखावे आणि मग औषध द्यावे, की औषध आधी पोटात जाऊ द्यावे आणि पारख मागाहून करावी, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या परिषदांतून विद्वज्जनांनी कितीही चघळला, तरी त्याचा खरा निवाडा एटापल्ली, धानोरा, भामरागड या गडचिरोलीच्या तालुक्यांतील कुडाच्या घरांपुढील अंगणांत होत असतो. आणि तो करणारी व्यक्ती म्हणजे बहुधा त्याच गावची, खांद्याला पिशवी अडकवून पाड्यापाड्याने हिंडणारी एखादी आशाताई असते. चंद्रपुरात माझे दोन वयोवृद्ध स्नेही आहेत, ज्यांचे या एका विषयावर कधीही एकमत झाले नाही. एक डॉक्टर, ज्यांची उमेदीची वर्षे रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेली. दुसरे हिवताप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना लहानथोर सारे नाना म्हणतात आणि ज्यांनी १९८२ साली गडचिरोली हा निराळा जिल्हा होण्यापूर्वी, म्हणजे सिरोंचापर्यंतचा सारा मुलूख चंद्रपूरच्याच कचेरीच्या ताब्यात असताना, तो पायाखाली घातलेला आहे. सायंकाळी रामाळा तलावाकडे फिरावयास जाताना या दोघांचे जे बोलणे होई, त्यातील महत्त्वाचा भाग मी येथे माझ्या शब्दांत, पण शक्य तितका त्यांच्याच क्रमाने, मांडीत आहे.

आरंभ बहुधा डॉक्टरांकडून होई. "नाना," ते म्हणत, "व्हायवॅक्स जातीचा हिवताप झालेल्या प्रौढ माणसाला तुमचे खाते क्लोरोक्विनबरोबर प्रायमाक्विन देते, रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस, आणि ते देणे रास्तच आहे, कारण या जातीचे काही जंतू यकृतात दडी मारून बसतात आणि रोगी बरा होऊन शेतावर जाऊ लागल्यावर, कित्येक आठवड्यांनी वा महिन्यांनी, पुन्हा रक्तात उतरतात. त्यांना तेथून हुसकणारे औषध याच एका कुळातले. पण तांबडी पेशी म्हणजे काय हे जरा ध्यानात घ्या. तिला केंद्रक नाही, नवे काही घडविण्याची सोय नाही. जन्मतः मिळालेल्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढावयाचे असतात. औषधाच्या विघटनातून जे दाहक पदार्थ निर्माण होतात, त्यांच्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी तिच्यापाशी एकच साखळी आहे, आणि त्या साखळीची पहिली कडी म्हणजे जी सिक्स पी डी नावाचा विकर. ज्याच्या जनुकात दोष असल्यामुळे हा विकर अपुरा पडतो, त्याच्या पेशी, आणि त्यातही म्हाताऱ्या पेशी आधी, या गोळीने फुटू लागतात. दोन-तीन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे होतात, धाप लागते. माणूस एरवी धडधाकट असतो. त्याला स्वतःला या उणिवेची वार्ताही नसते. मग ज्या गोळीने त्याचा ताप जावयाचा, तिनेच त्याचे रक्त आटावे, हा कोणता न्याय?"

नाना हे सारे शांतपणे ऐकून घेत. आणि उत्तर देताना त्यांचा स्वर दप्तरातील कैफियत वाचून दाखविणाऱ्या कारकुनासारखा होई, ज्यामुळे मला पुष्कळदा हसू येई, पण मुद्दे मात्र कच्चे नसत. "डॉक्टरसाहेब, पहिली गोष्ट ही की गडचिरोलीतला हिवताप अधिकांश फॅल्सिपेरम जातीचा, त्यात प्रायमाक्विन द्यावयाचे ते दुसऱ्या दिवशी एकदाच, जंतू डासाच्या पोटी जाऊ नयेत एवढ्यासाठी. एका मात्रेने कोणाचे रक्त आटत नाही."

"एका मात्रेने सहसा जिवावर बेतत नाही, इतकेच म्हणा," डॉक्टर मध्येच म्हणाले. "जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली तपासणीवाचून द्या म्हणून सांगितले, ते तुमच्या खात्याच्या मात्रेच्या एक तृतीयांश मात्रेपुरते."

"बरे, तसे म्हणतो. दुसरी गोष्ट, तान्ह्या मुलांना आणि गर्भार स्त्रियांना ही गोळी देऊ नये, आणि लघवी काळी झाल्यास तत्काळ थांबवावी, असा हुकूम खात्याच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे. तिसरी गोष्ट, पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संबंध जगाशी तुटतो; अशा वेळी गोळी जवळ असूनही तपासणीचा कागद नाही म्हणून ती द्यावयाची नाही, असा नियम केलात तर रक्त फुटून जितके दगावतील त्याच्या कितीतरी पट तापाने दगावतील. सर्वांना एकच मात्रा हा काही अडाणीपणा नव्हे. ज्या प्रदेशात डॉक्टर पोहोचत नाही, तेथे तोच एक शहाणपणा आहे."

"लघवी काळी झाल्यास," डॉक्टर म्हणाले, "हे वाक्य ज्याने लिहिले, त्याच्या घरी पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचे भांडे असले पाहिजे. तुमचा माडिया गडी पहाटे काळोखात रानात जातो. खाली पालापाचोळा आणि तांबडी माती. त्याला रंग दिसणार कोठे?"

मला वाटले की नाना आता निरुत्तर झाले. पण हा आक्षेप त्यांना नवा नव्हता. "पुस्तिकेतले वाक्य पुस्तिकेत राहते," ते म्हणाले. "आम्ही आशाताईंना सांगत असू की चौथ्या दिवशी घरी जा, रोग्याला उजेडात उभे करा, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघा, आणि मग विचारा की काल पाण्याचा गुंड विहिरीपासून घरापर्यंत एका दमात आला की मध्ये उतरवावा लागला. बाईमाणूस लघवीविषयी बोलणार नाही, गुंडाविषयी बोलेल. आणि खरे सांगू? चौथ्या दिवसापर्यंत निम्म्यांनी गोळी आपणहून सोडलेलीच असते, कारण ताप उतरलेला असतो. तुम्ही त्याला हलगर्जी म्हणता. पण त्या हलगर्जीनेच पुष्कळांची हाडे शाबूत ठेवली असतील."

या शेवटच्या वाक्यात जे क्रूर सत्य आहे, ते मला आजही अस्वस्थ करते. औषध पुरे न घेणे हा सरकारी अहवालातील अपराध, त्यानेच एखाद्याचे रक्त वाचवावे, आणि वाचलेल्याला पुढे दोन-चार महिन्यांनी पुन्हा तोच ताप यावा, असा हा गुंता आहे.

डॉक्टरांनी मग या ज्ञानाचा इतिहास काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील स्टेटव्हिल येथील तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत. तेथे आढळून आले की प्रायमाक्विनने काही कृष्णवर्णीय कैद्यांचे रक्त फुटते आणि इतरांचे फुटत नाही. दोष औषधात, शरीरात की पेशीत, हे ठरविण्यासाठी एकाच्या तांबड्या पेशी किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावून दुसऱ्याच्या शरीरात चढविण्यात आल्या आणि मग गोळी देण्यात आली. संवेदनशील माणसाच्या पेशी निरोगी माणसाच्या शरीरातही फुटल्या. निरोगी माणसाच्या पेशी संवेदनशील माणसाच्या शरीरातही टिकल्या. म्हणजे उणीव पेशीचीच. पुढे १९५६ साली त्या उणिवेचे नाव निश्चित झाले, आणि तीनच वर्षांनी जर्मन शास्त्रज्ञ फोगेल याने औषध व आनुवंशिकता यांच्या संबंधाच्या या नव्या शास्त्राला स्वतंत्र संज्ञा दिली.

"म्हणजे शास्त्राचा पायाच बंदिवानांच्या रक्तावर," नाना म्हणाले. "आणि निष्कर्ष काय, तर काळ्यांचे रक्त दुबळे. उद्या आमच्याकडे म्हणतील, गोंडांचे रक्त दुबळे, माडियांचे रक्त दुबळे. मला तुमच्या तपासणीची भीती वाटते ती याचसाठी. सरकारी यंत्रणेला माणूस दिसत नाही, जात दिसते. एकदा जमातीवर शिक्का बसला की त्या जमातीला गोळीच द्यावयाची नाही, किंवा दिली तर हात राखून, असा अलिखित रिवाज पडावयास वेळ लागत नाही."

येथे डॉक्टर खरोखरीच चिडले. "या देशात हा दोष पहिल्यांदा कोणत्या समाजात ठळकपणे नजरेस आला, ठाऊक आहे? मुंबईच्या पारशांत! १९६० च्या दशकाच्या आरंभी डॉ. एल. डी. संघवी आणि त्यांचे सहकारी यांनी तो शोधला. त्या सुशिक्षित, सधन समाजात. भारतात या जनुकाचे जे तीन प्रकार विशेष आढळतात, त्यांतील एकाचे नाव भूमध्य समुद्रावरून, दुसऱ्याचे ओडिशावरून आणि तिसऱ्याचे केरळ व आपले लोकल गाडीचे कल्याण यांवरून पडले आहे. आदिवासी जमातींविषयी मुंबईच्या प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २००४ साली जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात प्रमाण कोठे २.३ टक्के तर कोठे २७ टक्के, आणि एकंदर सरासरी ७.७. एवढी तफावत असताना 'आदिवासी' या शब्दाला औषधशास्त्रात काय अर्थ उरतो? मी जमात तपासा म्हणत नाही, माणूस तपासा म्हणतो. जमातीवरून अंदाज बांधणे हीच तर तुमची सरसकट दृष्टी. फक्त वेष पालटलेली."

या चकमकीत मी मनाने डॉक्टरांच्या बाजूला होतो, हे नमूद करतो. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, तो त्याने हिवतापापासूनच काही अंशी रक्षण केले म्हणून, असे शास्त्रज्ञ मानतात. सिकलसेल या दुसऱ्या रक्तदोषाचीही कथा तीच. ज्या अरण्याने ताप दिला त्यानेच तापाशी झुंजणारे रक्त घडविले, आणि आता त्याच रक्ताला तापाची गोळी सोसत नाही. यात दुबळेपणाचा प्रश्न येतो कोठे?

पण नानांच्या पोतडीत आणखी एक नजीर होती, जिच्यापुढे डॉक्टरांनाही थोडे थांबावे लागले. "क्षयाचे आयसोनियाझिड घ्या. हे औषध काहींच्या यकृतात झरझर निकामी होते, काहींच्या सावकाश. हाही जनुकाचाच खेळ, आणि आपल्या देशात सावकाश निकामी करणारेच अधिक. त्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. मग आपण काय केले? प्रत्येकाचे जनुक तपासले? नाही; धोका दिसेल त्याला ब-६ जीवनसत्त्वाची स्वस्त गोळी जोडून दिली, काम झाले. मद्रासच्या क्षय संशोधन केंद्राने तर पूर्वीच दाखविले होते की औषध आठवड्यातून एकदाच दिले तर झरझरवाल्यांचे बरे होण्याचे प्रमाण घटते. रोज दिले तर दोघांत म्हणण्यासारखा फरक राहत नाही. म्हणजे जनुकाला महत्त्व किती, हे मात्रा आखणारा ठरवितो. आखणी अशी करा की भेद असूनही बाधू नये."

"मान्य," डॉक्टर म्हणाले, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचित निघे. "पण आखणी करण्यासाठी तरी भेद माहीत हवा ना? सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया देतात. अमेरिकेत त्याचा आरंभ दर किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने करून मात्रा चढवीत नेतात. आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना १० मिलिग्रॅमची स्थिर मात्रा दिली आणि गुण आला. वेदनेचे झटके कमी झाले, रक्त चढविण्याची वेळ कमी आली. विदर्भातील सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी आफ्रिकेतल्याहून निराळी, येथील मुलांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण मुळातच जास्त. तेव्हा परदेशी मात्रा येथे जशीच्या तशी उचलण्याचे कारण नव्हते."

"म्हणजे नागपूरकरांनीही सर्वांना एकच मात्रा दिली," नाना हसून म्हणाले. "फक्त ती येथली होती."

खरे पाहता दोघेही येथे एकाच ठिकाणी पोहोचले होते, पण कबूल करावयास कोणीच तयार नव्हता. आपल्याकडे वाद बहुधा याच स्थळी अधिक कडाक्याचे होतात. डॉक्टरांनी लगेच दुसरे अस्त्र काढले: प्रायमाक्विनची गोळी पोटात गेल्यावर स्वतः काही करीत नाही, यकृतातील सायटोक्रोम कुळाचा एक विकर तिचे रूपांतर करतो तेव्हा तिला धार येते, आणि तो विकर ज्याच्या ठिकाणी मंद आहे, त्याने १४ दिवस इमानेइतबारे गोळ्या घेतल्या तरी दडलेले जंतू मरत नाहीत, हे २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. एकाच गोळीवर दोन जनुकांचा अंमल. एकामुळे ती विष होते, दुसऱ्यामुळे निरुपयोगी. "आणि मग तुमची आशाताई अशा माणसाला म्हणते, तू गोळ्या फेकून दिल्या असशील, नाहीतर ताप उलटला कसा?" या प्रश्नावर नाना काही बोलले नाहीत. असे रोगी त्यांनी पाहिले असावेत, आणि त्यांना रागावलेही असावेत.

वादाने खरे वळण घेतले ते टॅफेनोक्विनच्या उल्लेखाने. अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालेले हे औषध प्रायमाक्विनचेच भावंड. पण १४ दिवसांचे काम एका दिवसाच्या मात्रेत उरकणारे. नानांना त्याची अपूर्वाई वाटणे स्वाभाविक होते. "एकदाच, आशाताईच्या डोळ्यांदेखत! तेंदूच्या हंगामात सारे गाव रानात मुक्कामाला जाते, तेव्हा चौदा दिवस कोणाच्या मागे फिरावयाचे? आम्ही जन्मभर अशाच गोळीची वाट पाहिली."

"आणि नाना, हीच ती गोळी जी तुम्हाला माझ्या दारी आणील," डॉक्टर म्हणाले. "प्रायमाक्विन शरीरातून काही तासांत ओसरते, चौथ्या दिवशी तुमच्या आशाताईला डोळे पिवळे दिसले, तर ती गोळी थांबवू शकते, आणि उरलेल्या तरण्या पेशी सावरतात. टॅफेनोक्विन आठवडेच्या आठवडे रक्तात रेंगाळते. ते एकदा गिळले की परत बोलावता येत नाही. तुमचा सारा बंदोबस्त, पापणी ओढणे, गुंड विचारणे, हा गोळी थांबविता येते या गृहीतावर उभा होता. सोय जितकी वाढली तितकी रक्ताची आगाऊ माहिती अपरिहार्य झाली. म्हणून त्या औषधाच्या परवान्यातच अट आहे की आधी विकराचे प्रमाण मोजा, आणि ते सामान्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरले तर देऊ नका. आणि रंग बदलणारी साधी पट्टी येथे पुरत नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेले. पुरुषाला एकच प्रत, म्हणून त्याचे रक्त एक तर धड, नाहीतर उणे. स्त्रीला दोन प्रती. एक धड आणि एक सदोष असली, तर तिच्या काही पेशी शाबूत आणि काही उण्या. पट्टी तिला निर्दोष ठरवील. आकडा मोजणारे यंत्रच तिला वाचवील."

नाना बराच वेळ चालत राहिले. मग त्यांनी विचारले ते शास्त्राविषयी नव्हते. "तिचे रक्त फुटले, तर पिशवी कोठून आणावयाची? भामरागडाहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून अधिक. यंत्राआधी त्याची सोय सांगा." डॉक्टरांनी ती रास्त मागणी मानली, यंत्र आणि रक्तसाठा एकाच मंजुरीत मागावे, असे त्यांचे म्हणणे पडले. यंत्र उन्हाळ्यात चालेल का, ही नानांची पुढची शंका, कारण अशा उपकरणांची हमी साधारण ४० अंशांपर्यंतची असते आणि चंद्रपूरचा पारा वैशाखात ४५ ओलांडतो. "तपासणी आयुष्यात एकदाच करावयाची," डॉक्टर म्हणाले. "ताप चढलेला असताना नव्हे, आणि रक्त नुकतेच फुटलेले असताना तर नव्हेच, कारण तेव्हा नव्या पेशींच्या भरतीमुळे आकडा खोटा चांगला येतो. हिवाळ्यात, आश्रमशाळांतून करा. सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी २०२३ पासून रक्त घेणे चालूच आहे; येथे चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी २०२२ पासून केंद्र आहे. सुई तीच, कार्डावर आणखी एक नोंद."

"कार्डावर नको," नाना तत्काळ म्हणाले. "सिकलसेलच्या कार्डाने सोयरिकी अडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डॉ. अभय बंग यांनीच सांगितलेली हकीकत आहे की त्यांनी गडचिरोलीत प्रथम सिकलसेलचे संशोधन केले, ते शास्त्र म्हणून उत्तम उतरले, पण लोकांनी तो आपला प्रश्न मानलाच नव्हता. न मागितलेला दाखला लोक पेटीत टाकून देतात, नाहीतर तो भलत्या माणसाच्या हाती पडतो. नोंद आशाताईच्या वहीत ठेवा."

"वही गावात राहते आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. तेथील आशाताईला काय दिसणार? आणि धोका तर मुलीलाच अधिक, कारण तिची उणीव साध्या पट्टीला दिसत नाही."

हा मुद्दा नानांना लागला. तलावाच्या पाळीपर्यंत येऊन ते थांबले आणि खात्यात असताना मसुदे दुरुस्त करीत असत त्या पद्धतीने, एकेक शब्द तोलून, म्हणाले, "मग दोन्हीकडे लिहा. पण कार्डावर दोषाचे नाव लिहू नका, टक्केही लिहू नका. 'प्रायमाक्विन रोज नको. आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली' एवढीच ओळ घाला. जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे ना ती? वाचणाऱ्याला काय करावयाचे ते कळेल, आणि सोयरिकीला आलेल्या पाहुण्याला काही कळणार नाही. आकडे तुमच्या केंद्राच्या दप्तरात राहू द्या."

डॉक्टरांनी यावर हरकत घेतली ती एवढीच, की ज्या स्त्रियांचा आकडा मधला येईल त्यांच्यासाठी, उद्या टॅफेनोक्विन येथवर पोहोचले तर, त्या ओळीखाली दुसरी एक ओळ लागेल; तेव्हा कार्ड छापतानाच तेवढी जागा मोकळी सोडावी.